सावली धरायची पाळी

१

कारखान्यात शिरल्यावर तिचं पहिलं काम म्हणजे काचांवर टिचक्या मारत जाणं. दाराएवढ्या उंच, चपट्या, आतून वीतभरच खोल अशा काचेच्या टाक्या आवारात रांगेनं उभ्या होत्या आणि प्रत्येकीत हिरवं पाणी बुडबुडत असायचं. खालच्या नळीतून हवा सोडलेली. टिचकी मारली की काचेला चिकटलेला हिरवा थर सुटायचा आणि पाण्यात मिसळून जायचा. मग ऊन सगळ्यांना सारखं मिळायचं.

सगळ्यांना म्हणजे पाण्यातल्या जंतूंना. डोळ्यांना न दिसणारे, उन्हावर जगणारे. कुठल्याशा प्रयोगशाळेत त्यांच्या पोटातली सगळी व्यवस्थाच बदलून टाकली होती. ऊन खाऊन जी साखर त्यांनी स्वतःसाठी साठवायची, तिचं ते आता इंधन करायचे आणि बाहेर टाकायचे. पाण्यावर तेलकट साय धरायची. ती काढून गाळली की तिच्यावर ट्रक चालायचे. कॉलेजात हे शिकताना तिला भारी वाटलं होतं. रोज समोर बघायला लागल्यावर मात्र कधीकधी मनात यायचं, यांना कुणी विचारलं होतं का? मग तिचं तिलाच हसू यायचं. जंतूंना काय विचारायचं.

कामगार त्यांना ‘पोरं’ म्हणत. पोरांना आज ऊन कमी पडलं, पोरं रुसली, पोरांनी काय साय धरलीय बघ. ही जिवंत पेशी आहे, पोर नव्हे, असं तिनं पहिल्याच आठवड्यात फोरमनकाकांना ऐकवलं आणि त्या दिवसापासून तिचं नाव ‘वकीलबाई’ पडलं.

रांगेच्या टोकाला एक टाकी वेगळी होती. बाळटाकी. नवं विरजण आधी तिच्यात वाढवायचं आणि धरलं की बाकीच्या टाक्यांत वाटायचं. नवी पोरं नाजूक. दुपारचं कडक ऊन त्यांना सोसत नसे, पाणी पिवळं पडे. म्हणून दुपारी कुणीतरी एकानं टाकीसमोर, उन्हाकडे पाठ करून उभं राहायचं, स्वतःची सावली काचेवर पडेल असं. याला ‘सावली धरणं’ म्हणत. जाळी लावली की पोरं धरत नाहीत, माणूसच लागतो, अशी तिथल्या जुन्या लोकांची ठाम समजूत.

तिच्या आईनं इथे वर्षानुवर्षं सावली धरली. आता आई घरी होती, खुर्चीत. आणि तिच्या जागेवर मुलगी आली होती.

“मी उभी राहणार नाही,” तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. “माणूस म्हणजे छत्री नाही.”

फोरमनकाकांनी मान हलवली, पण हो म्हणायला की नाही म्हणायला ते कळलं नाही. त्यांचं सगळं असंच. तिनं स्वतः गोदामातून हिरवी जाळी शोधून आणली, स्वतः शिडीवर चढून बाळटाकीवर ताणून बांधली आणि खाली उतरून हात झटकले. इतकी साधी गोष्ट इतक्या वर्षांत एकालाही सुचू नये याचा तिला मनस्वी राग आला.

त्यानंतर काही दिवसांनी, एका सकाळी तिनं जाळी वर गुंडाळली, तर टाकीतल्या हिरव्या पाण्यात मधोमध एक फिकट डाग होता.

२

डाग पडायला कारण असतं. थर चिकटतो, काच मळते, हवेची नळी एका बाजूनं तुंबते. तिनं टिचक्या मारल्या. मग चुंबकाचं पुसणं घेतलं. त्याचा एक तुकडा आत, एक बाहेर, बाहेरचा फिरवला की आतला काच पुसत जातो. वरपासून खालपर्यंत तिनं काच लख्ख केली. डाग हलला नाही.

म्हणजे तो काचेवर नव्हता. पाण्यात होता.

तिनं वाकून बघितलं. बुडबुडे खालून निघत होते, डागातून सरळ वर जात होते आणि वरच्या सायीत फुटत होते. एवढं पाणी घुसळलं जात असताना डागाची कड जराही विसकटत नव्हती. बाहेर गर्द हिरवं, आत ताकाच्या निवळीसारखं पांढुरकं, आणि मध्ये कातरल्यासारखी रेघ.

वर्षानुवर्षं इथे माणसं उभी राहिलीत, तिनं स्वतःला समजावलं. जंतू उजेडाकडे सरकतात, सावलीतून बाहेर पडतात. सवय लागली असेल. पेशींना कसली सवय, असं दुसरं मन म्हणालं. तिसऱ्या मनाला वेगळंच खटकत होतं. डाग अर्ध्या टाकीच्याही वर जात नव्हता. उभ्या माणसाची सावली टाकीच्या डोक्यापर्यंत पोचते. हा डाग बुटका होता. खाली रुंद, वर निमुळता आणि मध्ये काटकोनात दुमडलेला.

बसलेला माणूस.

बाळटाकीसमोर कधी कुणी बसत नाही. बसलं तर सावली पुरत नाही.

तिनं काकांना हाक मारली. ते आले, बघितलं, आणि लगेच शेजारच्या टाकीचा पंप तपासायला लागले, जणू आले होते तेच त्यासाठी.

“काका, हे काय आहे?”

“साय बरी धरलीय,” ते म्हणाले.

साय खरोखरच बरी धरली होती. रांगेत कुठल्याच टाकीवर नव्हती इतकी जाड.

३

आई पश्चिमेच्या खिडकीशी बसायची. लाकडी खुर्ची, तिचा एक हात कधीचाच मोडलेला. दुसऱ्या हातावर कोपर टेकवून, पालथा तळवा कपाळाला लावून आई उन्हाकडे तोंड करून बसून राहायची. सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. रक्त चांगलं, हृदय चांगलं. डॉक्टर म्हणाले होते, विश्रांती घ्या. आई विश्रांतीच घेत होती, आणि जितकी घेत होती तितकी जास्त थकत होती. आधी जिना बंद झाला, मग स्वयंपाक, मग केस विंचरणं. आता उरलं होतं ते हाक मारली की ओ देणं, आणि तेही दुसऱ्या हाकेला.

मुलीचा जीव त्या खुर्चीत अडकला होता. आई तेवढी उठावी, बाकी जगाचं काहीही होवो. पण तोंडातून निघायचं ते भलतंच.

“दिवसभर नुसती बसून असतेस आणि वर दमले म्हणतेस. काय केलंस म्हणून दमलीस?”

आईनं डोळे न उघडता हसल्यासारखं केलं. “अगं, थकायला काही करावं लागतं असं कुणी सांगितलं तुला?”

विषय बदलायचा म्हणून मुलीनं बाळटाकीची गोष्ट काढली. जाळी लावलीय, आता कुणाला उभं राहावं लागत नाही, हे तिनं जरा ऐटीतच सांगितलं. आईनं कौतुक केलं नाही. फक्त विचारलं, “पोरं धरली का?”

“धरली. जाळीखालीसुद्धा. तुम्ही लोक उगाच उन्हात मरत होतात.”

“हं,” आई म्हणाली आणि पुन्हा उन्हाकडे तोंड केलं.

त्या वेळी मुलीची नजर खुर्चीमागच्या भिंतीवर गेली. खिडकीतलं ऊन तिथवर जायचं. रंग उडाला होता. पूर्वी कपाट होतं तेवढा चौकोन अजून गडद राहिला होता, बाकी सगळी भिंत पार विटली होती. खुर्चीच्या बरोब्बर मागचीसुद्धा. तिला ते विचित्र वाटलं, पण का वाटलं ते लगेच उमगलं नाही. चहाचे कप विसळताना उमगलं. आई महिनोन्‌महिने त्याच जागी बसते आहे. तिच्यामागे ऊन पोचायलाच नको. तेवढा रंग टिकायला हवा होता.

ती ओल्या हातांनी परत खोलीत आली. भिंतीवर खुर्चीची सावली होती, काळीभोर, मोडक्या हातासकट. आणि खुर्चीत बसलेल्या आईची सावली होती, पण ती पातळ दूध सांडल्यासारखी. असेल, ढग आला असेल, काच मळली असेल, असं म्हणत तिनं खिडकीची काच पुसली. मग पुन्हा पुसली. आई म्हणाली, “पुरे गं, किती पुसशील.”

४

दुसऱ्या दिवशी डागाला हात होता.

एकच. कोपर टेकलेलं, पालथा तळवा कपाळाशी. दुसऱ्या बाजूला जिथे कोपराला टेकायला काही असायला हवं, तिथे मोडून पडल्यासारखी तुटक कड.

ती किती वेळ तिथे उभी होती कोण जाणे. आधी तिला वाटलं, आपण आईचा विचार करतो म्हणून आपल्याला आई दिसते. ढगात हत्ती दिसतात तसं. मग वाटलं, काकांना विचारावं, त्यांनाही दिसतं का. मग आठवलं की काल त्यांनी बघून तोंड फिरवलं होतं. ज्याला काहीच दिसत नाही तो असं तोंड फिरवत नाही.

काका पंपाच्या खोलीत डबा उघडून बसले होते. ती दारात उभी राहिली.

“मी बाळटाकी रिकामी करणार आहे. विरजण दूषित झालंय. क्लोरीननं धुवून नवीन लावते.”

त्यांनी डब्याचं झाकण परत लावलं. “नको धुवू.”

“का?”

“मागं एकदा धुतली होती. मग आम्ही धुवायचं सोडलं.”

“का सोडलं? काय झालं होतं?”

काकांनी पाण्याची बाटली उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. बाहेर सगळ्या टाक्या एका लयीत बुडबुडत होत्या. “जाळी काढ आणि चार दिवस उभी राहा,” ते शेवटी म्हणाले. “आपोआप जातं.”

“काय जातं?”

त्यांनी डबा पुन्हा उघडला. तिचं डोकंच फिरलं. लहानपणापासून हे असंच ऐकत आली होती ती. तुला नाही कळायचं, मोठी झालीस की सांगू, आता जेव. आईनंही कधी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी घरी यायची, चपला काढायची आणि भिंतीला टेकून बसायची, आणि विचारलं की म्हणायची काही नाही. या लोकांकडे सगळं अर्धं असतं, तिला वाटलं. अर्धं वाक्य, अर्धी मान, आणि उरलेलं अर्धं मुलांनी भोगायचं.

तिच्या मनात एक गोष्ट पक्की झाली होती, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. या टाकीनं आईचं काहीतरी धरून ठेवलंय. टाकी रिकामी केली की ते सुटेल. शिकल्यासवरल्या मुलीनं असं मनात आणू नये हेही तिला कळत होतं. म्हणून ती सगळ्यांसमोर मोठ्यांदा ‘दूषित, दूषित’ म्हणत राहिली.

५

ऊन कलायला लागल्यावर तिनं बाळटाकीची हवा बंद केली. बुडबुडे थांबले. पहिल्यांदाच ती टाकी शांत उभी होती. तिनं खालची तोटी सोडली.

हिरवं पाणी नाल्यात पडू लागलं. वरची साय पाण्याबरोबर हळूहळू खाली सरकायला लागली आणि तिच्यावरची काच मोकळी, कोरडी, आरपार दिसू लागली. काका लांबून बघत होते. जवळ आले नाहीत.

पाणी खाली जाईल तसा डागही खाली घसरेल असं तिला वाटलं होतं. तो घसरला नाही. जिथल्या तिथे राहिला. पातळी कपाळापर्यंत आली आणि कपाळ गेलं. टेकलेला तळवा गेला. नाक गेलं, हनुवटी गेली. वर नुसती रिकामी काच, आणि काचेतून पलीकडचं कुंपण.

चला, सुटतंय, तिला वाटलं. तिनं तोटी आणखी सोडली.

पातळी खांद्यांपाशी आली तेव्हा तिची नजर खाली गेली. ज्या बाजूला कोपर टेकलेलं होतं तिथे आता कोपर नव्हतं. हात खाली आला होता. सरळ, ताठ, आणि बोटं खुर्चीच्या हाताभोवती आवळलेली. बस अचानक सुटली की माणूस दांडा धरतो, तशी.

तिनं हात हलताना पाहिला नव्हता. तिनं तोटी बंद केली. इतक्या जोरात की मनगट लचकलं.

नाल्यातलं हिरवं पाणी थोडा वेळ फेसाळलं आणि जमिनीत जिरलं. ती मागे वळली तर काका तिच्याकडे न बघता हात जोडल्यासारखे उभे होते. खरं तर ते फक्त हात पुसत होते. ती धावतच फाटकाबाहेर पडली.

६

घराचं दार लोटलेलं होतं. पश्चिमेचं ऊन खोलीभर होतं. आई खुर्चीत होती, रोजच्यासारखी, केस पाठीवर, तोंड खिडकीकडे. डोकं जागेवर होतं. आपण किती वेडगळ आहोत, असं म्हणून ती हसणारच होती.

मग तिनं भिंत बघितली.

खुर्चीची सावली होती. मांडीची होती, पातळ. मोडका हात होता, धड हातावर आवळलेली बोटं होती. खांदे होते. खांद्यांच्या वर भिंतीवर नुसतं ऊन होतं.

“आई,” तिनं हाक मारली.

आज आईनं पहिल्याच हाकेला मान वळवली. चेहरा कधी नव्हे इतका निवांत. थकव्याची एकही रेघ नाही. तिनं मुलीला खालून वर बघितलं, पाहुण्यांकडे बघतात तसं, आणि नीट सावरून बसली.

“या ना,” ती म्हणाली. “कोण पाहिजे आपल्याला?”

मुलीनं दाराची चौकट धरली.

“बसा. माझी मुलगी येईलच इतक्यात, कामावर गेलीय.” मग आवाज जरा खाली आणून, एखादं गुपित सांगावं तशी, “ती काही लागट बोलली तर मनावर घेऊ नका. तापट आहे, पण मनानं फार चांगली आहे.”

७

सकाळी काका तिच्या आधी आले होते. शेजारच्या टाकीतून त्यांनी बाळटाकीत पाणी पुरतं भरून घेतलं होतं, हवा सुरू केली होती. जाळी सोडून, घडी घालून बाजूला ठेवली होती. पाणी वरपर्यंत हिरवं झालं होतं. डाग होता. खांद्यांपर्यंत. त्याच्या वर गर्द हिरवं.

“तुमचं कोण होतं?” तिनं विचारलं. “मागं धुतली तेव्हा.”

“भाऊ,” ते म्हणाले. “अजून येतो जेवायला. दार वाजवतो, हे कुणाचं घर विचारतो. जेवतो आणि आभार मानून जातो.”

“आणि हे मला काल सांगता आलं नाही?”

“सांगून ऐकलं असतंस?”

“ऐकलं असतं,” ती म्हणाली. ओरडायची ताकद नव्हती, म्हणून हळू म्हणाली. “पूर्ण वाक्य बोलला असता तर ऐकलं असतं, काका.”

त्यांनी मान खाली घातली. मग पंपाच्या खोलीतून एक बादली आणली आणि टाकीसमोर उपडी ठेवली.

दुपार झाली. ती बादलीवर बसली, उन्हाकडे पाठ करून. काचेवर तिची सावली पडली. जरा पुढे सरकली, जरा खाली झाली, मान कलती केली, आणि तिच्या डोक्याची सावली बरोबर त्या खांद्यांवर बसली. हात आपोआप कपाळाशी गेला. तो तिनं तिथेच राहू दिला.

पाठ भाजत होती. समोर बुडबुडे वर जात होते. एवढंसं विरजण, तिच्या सावलीच्या आडोशाला. पहिल्यांदा थकवा आला तो पोटऱ्यांत. चालून येतो तसा हा थकवा नव्हता. कुणीतरी खालून तोटी जराशी सोडावी तसा. काका मधूनच विचारत, दमलीस का, आणि ती मान हलवे. हो की नाही ते तिलाही नक्की माहीत नव्हतं.

ऊन कलल्यावर ती उठली. टाकीत डागाला डोकं आलं होतं. कुणाचं ते तिनं निरखून पाहिलं नाही.

घरी पोचली तर जिन्यापर्यंत भांड्यांचा आवाज येत होता. आई ओट्यापाशी उभी होती. उभी. केस विंचरलेले, पदर खोचलेला.

“आलीस? किती हा उशीर,” आई करवादली. “आणि खिडकीची काच कुणी पुसली अशी? नुसते ओरखडे.”

मुलीला रडू येईल असं वाटलं, पण तेवढंही अंगात नव्हतं. चपला काढायला वाकावं लागेल म्हणून तिनं त्या तशाच ठेवल्या आणि समोर खुर्ची दिसली तिच्यात ती बसली. मिनिटभरच, तिनं ठरवलं. पश्चिमेचं ऊन तोंडावर आलं. बरं वाटलं.

“एवढी कशानं दमलीस?” आईनं आतून विचारलं. “आज काय डोंगर फोडलेस?”

“अगं, थकायला काही करावं लागतं असं कुणी सांगितलं तुला?”

आई हसली नाही. चहाचा कप घेऊन बाहेर आली आणि दोन पावलांवर थांबली. ती मुलीकडे बघत नव्हती. मुलीच्या मागे, भिंतीवर तिची सावली पडते तिथे बघत होती.

“काय झालं?” मुलीनं विचारलं.

आईनं कप खुर्चीशेजारी ठेवला.

“काही नाही,” ती म्हणाली. “चहा पी, गार होतोय. उद्या तू घरीच थांब. टाकीवर मी जाऊन येते.”

मुलीला भांडायचं होतं. अख्खं वाक्य तयार होतं. पण ते उचलून ओठांपर्यंत आणायचं म्हणजे फार लांब होतं. तिनं मोडलेल्या हाताच्या बाजूनं अंग सोडून दिलं, दुसऱ्या हातावर कोपर टेकवलं आणि मागे वळून न बघता डोळे मिटले.